चार थालीपिठांचा सिनेमा

आमच्या घरी सिनेमा किती लांबीचा आहे हे थालीपिठांवरून ठरायचं. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असायचा, आणि गाणं सुरू झालं रे झालं की इंदूमावशी पदर खोचून उठायची. "लागलं गाणं. आता ही दोघं झाडाभोवती फिरतायत तोवर माझं एक होतंय," असं म्हणत ती आत जायची. मग ओल्या फडक्यावर भाजणी थापल्याचा थपथप आवाज, मधल्या भोकात तेल सोडल्याचा चर्र आवाज, वर झाकण. गाणं संपता संपता थालीपीठ ताटलीत, त्यावर लोण्याचा गोळा, आणि मावशी परत आपल्या जागेवर, भिंतीला टेकून. एका गाण्याला एक थालीपीठ, हा हिशेब कधी चुकला नाही. चार गाण्यांचा सिनेमा म्हणजे चार थालीपिठांचा सिनेमा. आम्ही दुसऱ्या दिवशी शाळेतसुद्धा असंच सांगायचो आणि मुली आमच्या तोंडाकडे बघत राहायच्या. एकदा एक फार गाजलेला, गंभीर सिनेमा लागला होता. त्यात एकही गाणं नव्हतं. दीड तास झाल्यावर माझा धाकटा भाऊ रडायला लागला तेव्हा मावशी म्हणाली, "हा सिनेमा नाही बाई, ही निर्जळी एकादशी आहे," आणि विनागाण्याचीच उठून तवा ठेवायला गेली.

आम्ही ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहायचो. बाबा पोस्टात होते. त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आलं आणि इथलंच झालं, त्यामुळे बाबांची मराठी म्हणजे पोळी मराठी आणि भाजी हिंदी. आमची पोरांची तर त्याहून पुढची. आई मात्र वाईची, आणि इंदूमावशी तिची थोरली बहीण. धाकट्याच्या वेळी आईची आई हयात नव्हती, माहेरी जाऊन कोण करणार, म्हणून मावशीच तिच्या बाळंतपणाला ग्वाल्हेरला आली, ट्रंकेत भाजणीचा डबा घेऊन. चाळीस दिवसांसाठी आली आणि सात वर्षं राहिली. तिला परत जायची घाई नव्हती, कारण जायला स्वतःचं घर नव्हतं. तिचा नवरा नोकरी बघून येतो म्हणून निघाला होता, अर्धा चहा कपात तसाच टाकून, तो आलाच नाही. मेला नव्हता. कुठल्याशा गावी त्याने दुसरा संसार मांडलाय हे सगळ्यांना माहीत होतं. मावशी रोज ठसठशीत कुंकू लावायची. त्याबद्दल कोणी काही बोलायचं नाही आणि ती तर नाहीच नाही.

सिनेमाबद्दल मात्र ती बोलायची. अहो, बोलायची काय, सिनेमा तीच चालवायची! आमच्या गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही होते, त्यातला आमचा लाकडी दारांचा, आणि रविवारी पंधरावीस माणसं तरी दाटीवाटीनं बसायची. सिनेमा सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत की मावशी माणसांची वाटणी करून मोकळी व्हायची. "हा लबाड. नाकाचा शेंडा बघ. आणि ती पांढऱ्या साडीतली मरणार, तिला आत्ताच पोटभर खाऊन घेऊ दे." नायिका खलनायकाच्या मोटारीपाशी आली की मावशी गुडघ्यावर उठून बसायची. "अगं बये, बसू नकोस. अगं, त्याच्या गाडीत नको बसूस, चालत जा की, पाय मोडलेत का तुझे? बसली! बस, आता बस आणि रड." समोरच्या मिश्रा काकी विचारायच्या, "मौसी, ये वाला बचेगा कि नहीं?" मावशी आपल्या हिंदीत निकाल द्यायची, "नहीं बचेगा. सकाळी घरसे निघताना आई को नमस्कार नहीं किया उसने." मिश्रा काकी म्हणायच्या, "कौन आई?" आणि सगळी खोली हसायची.

मी तिची दुभाषी होते. तिच्या शेजारी बसून अवघड हिंदीचं मराठी करून सांगायचं हे माझं काम. एकदा सिनेमात म्हातारा बाप मरता मरता मास्तरांचा हात धरून म्हणतो, माझ्या मुलाला चांगली शिक्षा द्या. मावशी भडकली. "काय बाप आहे मेला! स्वतः मरतोय आणि वर पोराला शिक्षा द्या म्हणतो. काय केलंय त्या लेकरानं?" मी हसून हसून लोळले. म्हटलं, मावशी, शिक्षा म्हणजे शिकवणं! "असं होय? मग तुमच्याकडे शिक्षेला काय म्हणतात?" म्हटलं, दंड. "दंड?" म्हणत तिनं स्वतःचा दंड धरून दाखवला, "हा?" हा किस्सा मी आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगत हिंडले. मावशीही माझ्याबरोबर हसली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे याचीच उलटी बाजू माझ्या नशिबी यायची होती आणि तेव्हा हसायला कोणी नव्हतं.

दुःखाचे शेवट तिला चालायचे नाहीत. नायिका मेली, सगळे डोळे पुसत आपापल्या घरी गेले, की भांडी घासताना मावशी मला खरं काय झालं ते सांगायची. "मेलीबिली काही नाही गं. त्यांनी दाखवलं नाही एवढंच. मागनं डॉक्टर आला, नाडी लागली, आता माहेरी आहे, दूधभात खाते." मी त्यावर विश्वास ठेवून झोपायचे. गंमत अशी, की आजही मला कितीतरी सिनेमांचे मावशीचेच शेवट आठवतात. आता मोबाइलवर एखादा जुना सिनेमा दिसतो आणि ती बाई खरोखर मरते तेव्हा मला वाटतं, यांनी बदलला की काय.

मी दहावीला गेले आणि मला शहाणपणाचे कोंब फुटले. वर्गात रेणू नावाची नवी मुलगी आली होती. तिच्या घरात सोफा होता, तिचं हिंदी रेडिओवर बोलतात तसं होतं, आणि तिनं माझ्याशी मैत्री केली म्हणून मी हवेत होते. तिच्याकडचा टीव्ही बिघडला म्हणून ती रविवारी आमच्याकडे आली. मावशी नेहमीसारखी रंगात आलेली. रेणू सिनेमा सोडून मावशीकडेच बघत होती, तोंडावर रुमाल धरून. सोमवारी मधल्या सुट्टीत ती बाकावर चढली आणि डोक्यावर ओढणी घेऊन हुबेहूब मावशी झाली. "अग बये, बसू नको, पाय मोडले का!" सगळा वर्ग टाळ्या पिटत होता. मीही हसले. हसले, आणि आतून अशी पेटले म्हणता! माझ्या मावशीची नक्कल केली म्हणून रेणूचा राग यायला हवा होता. मला राग आला तो मावशीचा.

पुढच्या रविवारी रेणू परत आली. त्या दिवशीचा सिनेमा एका टाकलेल्या बाईचा होता. नवरा निघून जातो, ती शिवणकाम करून मुलगा वाढवते, केस पिकतात, आणि शेवटी तो परत येतो. दाराशी उभा राहतो, थकलेला, दाढी वाढलेली. वाजंत्री सुरू होते आणि ती बाई धावत येऊन त्याच्या पायाशी वाकते. मिश्रा काकींनी डोळ्याला पदर लावला होता. मावशी सबंध सिनेमाभर फारसं बोलली नव्हती, आणि मी मनात म्हणत होते, देवा, अशीच राहू दे. पण ती बाई वाकली आणि मावशी उभीच राहिली. "नको! नको गं वाकूस! आधी विचार त्याला, इतकी वर्षं कुठं होता ते विचार! अगं, विचार की! तोंड नाही का तुला?" तिचा आवाज चिरकला होता. रेणूनं माझ्या कमरेला कोपर मारलं आणि ती फुसकन हसली.

मी म्हटलं, "मावशी, चूप बस ना आता! तिचा नवरा परत तरी आला."

एवढंच. मराठीत बोलले होते. त्यामुळे झालं असं, की खोलीतल्या वीस माणसांपैकी ते कळलं आम्हां चौघांनाच. आईला, बाबांना, मला आणि तिला; धाकटा केव्हाच झोपला होता. बाकीच्यांना वाटलं, रोजच्यासारखी मावशी-भाचीची थट्टा चालली आहे, म्हणून ते हसले. चांगले मोठ्यानं हसले. मिश्रा काकी म्हणाल्या, "मौसी, लड़की ने क्या बोल दिया? हमें भी बताओ." मावशी तशीच उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, अनोळखी पत्ता वाचावा तसं. आई माझ्याकडे बघत होती, तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. त्यानंतरचं मला काही आठवत नाही, असं मी आजपर्यंत सगळ्यांना सांगत आले आहे.

त्यानंतर मावशी सिनेमाला बाहेर बसली नाही. स्वयंपाकघरात पाटावर बसायची, दाराआड. गाणं लागलं की आतून चर्र आवाज यायचा आणि गाणं संपलं की आई ताटली बाहेर आणायची. थालीपीठ तेच, लोणी तेच. आवाज तेवढा नाही. बाहेर सिनेमातली माणसं एकमेकांना फसवत होती, मोटारीत बसत होती, मरत होती, आणि त्यांना अडवणारं कोणी नव्हतं. मी दर रविवारी ठरवायचे, आज आत जाऊन तिच्या गळ्यात पडायचं. पण पंधरा वर्षांच्या पोरीला जेवढा ताठा असतो तेवढा राजाला नसतो. दिवाळी झाली आणि मामाला पत्र घालून मावशीनं बोलावून घेतलं. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला म्हणाली, "शुभे, भाजणी संपत आली की पाटणकर बाजारातल्या चक्कीवाल्याला सांग, जाडसर दळ म्हणून. तो मेला बारीक करतो." बस. मी मान हलवली.

आणि मग ऐका. पुढच्या रविवारी रेणू आली, बसली, अर्ध्या तासानं म्हणाली, "मौसी कब आएँगी?" म्हटलं, आता नाही येणार. ती रडवेली झाली. "यार, मैं तो मौसी के लिए ही आती थी. मेरे घर में तो कोई बोलता ही नहीं." तिचा टीव्ही कधीच दुरुस्त होऊन आला होता.

आई वाईला पत्रं लिहायची, अक्का ये, अक्का ये. मामाचं उत्तर आलं, अक्का म्हणते, सुमननं, म्हणजे आईनं, बोलावून काय होतंय, पोरीनं स्वतः एक ओळ लिहिली तर मी उद्या निघते. आईनं ते पत्र माझ्या पुढ्यात ठेवलं आणि भाजी चिरायला बसली. मी लिहायला बसले. माझी शाळा हिंदी, मराठी लिहायची सवय ती आजोबांना दसऱ्याच्या चार ओळींपुरती. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथं लिहिलं तेव्हा कागदावर टिपं पडली होती, ती मी फुंकून वाळवली. आई म्हणाली, बघू. मी म्हटलं, नाही, हे माझं आणि मावशीचं आहे. पाकीट चिकटवून बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते स्वतः शिक्का मारून रवाना केलं.

वीस दिवसांनी आईच्या नावानं कार्ड आलं. "शुभाचं पत्र पोचलं. सर्व समजलं. आता माझं तिकडे येणं जमणार नाही. मुलांना आशीर्वाद." मी ते कार्ड वाचलं आणि मला संताप आला. एवढी नाक घासून माफी मागितली, मुलगी चुकली तर तिला एवढी मोठी सजा? मग मीही नाही लिहिणार. आणि नाही लिहिलं. काय बाई होते मी! माझ्या लग्नाला ती आली नाही, तब्येतीचं कारण होतं. मामाबरोबर भाजणीचा डबा पाठवला, झाकणाला पट्टी लावून. जाडसर दळलेली. मी ती सासरी नेली आणि तिची थालीपिठं करून नवऱ्याला खायला घातली, तरी दोन ओळी लिहिल्या नाहीत. वाईला कधी जायची वेळ आली की मला काहीतरी काम निघायचं.

ती गेल्याचं कळलं तेव्हा माझी मुलगी सात वर्षांची होती. आईला घेऊन मी वाईला गेले, पोचलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मामी ताक घुसळत बसली होती. आई आणि मी समोर. मामी सांगत होती, टीव्ही रोज बघायच्या अक्का, पण तोंडातून एक शब्द नाही. कोणी हसलं की उठून आत जायच्या. आम्हाला वाटायचं, यांना सिनेमा कळत नाही की काय. मग रवी थांबवून माझ्याकडे बघत म्हणाली, "राग मानू नकोस शुभा, पण तू तरी त्यांना तसलं पत्र का लिहिलंस गं? अक्कांनी पिशवी भरून ठेवली होती. तुझ्या पत्राची वाट बघत होत्या. तुझ्यासाठी आंबोळ्यांचं पीठसुद्धा बांधलं होतं."

मी म्हटलं, "तसलं म्हणजे? अहो मामी, माफी मागितली होती मी."

"माफीची चेष्टा केली होतीस."

"हो, केली होती चेष्टा!" मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. "किती चेष्टा केली! तीनदा लिहून फाडलं, तरी पुन्हा केली!"

मामीच्या हातातून रवीची दोरी सुटली. ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की मला वाटलं, माझ्या मागे कोणी उभं आहे. आई मात्र हळूहळू माझ्याकडे वळली. तिनं विचारलं, "शुभा, तू चेष्टा कशाला म्हणतेस?"

म्हटलं, "कशाला म्हणजे? चेष्टा. प्रयत्न."

आईनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शाळेत प्रत्येक निबंधात मी ती केलेली होती, बाईंनी त्यावर गुणही दिले होते. बाबांच्या मराठीतही ती तशीच चालायची. आईच्या तोंडी तो शब्द कधी आला असेल तर मी वेगळा ऐकलाच नाही. शिक्षा कळली, दंड कळला, त्यावर पोट धरून हसून झालं. चेष्टा कुठल्या सिनेमात लागलीच नाही. लागली असती तर मावशी ओरडली असती, "चेष्टा करतो मेला!" आणि मी लोळून हसले असते आणि दोघींना अर्थ कळला असता.

मामेबहिणीनं मावशीच्या कपाटातल्या कागदाखालून पत्र काढून दिलं. माझं अक्षर, गोल गोल, शाळकरी. "प्रिय मावशी, मी तुझी माफी मागण्याची चेष्टा करीत आहे. तू गेल्यापासून सर्व लोक रविवारी तुझी आठवण काढून हसतात. रेणू तुझी नक्कल फार छान करते. तुझ्याशिवाय सिनेमाला मजा येत नाही. तू परत ये. तू आलीस की मी खूप चेष्टा करीन, रोज करीन." मी ते लिहिलं तसं वाचलं नाही, तिनं वाचलं तसं वाचलं. वाईच्या माजघरात, भरलेल्या पिशवीशेजारी बसून. मामी म्हणाली, पत्र वाचून अक्का एवढंच म्हणाल्या, "पोरगी मोठी झाली," आणि पीठ सोडून डब्यात ओतलं.

मी त्या दिवशी आईला म्हटलं, ती एकदा बोलली असती तर मी तिला समजावलं असतं. आई म्हणाली, "हो गं, पण ती ओरडणारी होती, म्हणून आपल्याला वाटलं, तिला लागलं तर ती ओरडेल." आईनं मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

परवा तोच टाकलेल्या बाईचा सिनेमा लागला होता. नात माझ्या मांडीला टेकून बसली होती, तिचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये. तो दाढीवाला दाराशी आला, ती बाई धावत आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, चांगलं मोठ्यानं, "नको गं वाकूस! विचार त्याला, कुठं होता!" नात म्हणाली, "आजी, चुप रहो ना, वो थोड़े ही सुन रही है." मी चूप झाले. ती वाकली, वाजंत्री वाजली, आणि शेवटचं गाणं सुरू झालं. आणि मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी ते कधी विसरलेच नव्हते, सांगत मात्र नव्हते कोणाला. त्या रविवारीही हे गाणं लागलं होतं. माझं वाक्य होऊन, लोकांचं हसून झालं, आणि गाणं लागलं तशी मावशी पदर खोचून आत गेली. थपथप आवाज झाला, चर्र झालं. गाणं संपलं तेव्हा तिनं ताटली आणून माझ्यासमोर ठेवली, दुसऱ्या कोणासमोर नाही. वर लोण्याचा गोळा होता, नेहमीपेक्षा मोठा. मी तिच्याकडे वर बघितलं नाही. थालीपीठ मात्र सगळं खाल्लं.